इंजिनाचा श्वास आणि आपला श्वास

गाडीचे ॲव्हरेज कमी का मिळते, हा प्रश्न आपल्याकडे पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये आणि चहाच्या टपरीवर रोज निघतो. उत्तरात टायरमधली हवा येते, घसणारा क्लच येतो, खड्डे येतात, पेट्रोलमधली भेसळही येते. एक कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. पेट्रोलचे इंजिन आपल्या ताकदीचा एक भाग नुसता श्वास घेण्यासाठी खर्च करते, आणि गाडी जितकी रमतगमत चालते तितका हा खर्च प्रमाणाने वाढतो. अभियंते त्याला ‘पंपिंग लॉस’ म्हणतात. आरोग्याच्या सदरात हा विषय आणण्याचे कारण असे, की हा तोटा कमी करण्याचे काही मार्ग पैसे आणि हवा दोन्ही वाचवतात. आणि आपल्या गॅरेजांत सर्रास चालणारे काही मार्ग मात्र इंजिनाला मोकळा श्वास देतो असे सांगून माणसाचा श्वास कोंडतात.

आधी माणसाचे पाहू. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाला श्वास घेण्यासाठी शरीराच्या एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांहूनही कमी ऊर्जा लागते. म्हणून आपण श्वास घेतो आहोत, हे त्याच्या लक्षातही येत नाही. श्वासनलिका आकसल्या, की हे गणित बिघडते. दम्याचा झटका आलेला रुग्ण, किंवा अनेक वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक करून सीओपीडी जडलेली बाई, मानेचे आणि खांद्यांचे स्नायू वापरून हवा आत ओढते. अरुंद वाटेतून तीच हवा घ्यायला कितीतरी पट जास्त कष्ट पडतात. ‘जेवण बरे आहे, पण अंगाला लागत नाही,’ अशी घरच्यांची तक्रार असते. अशा रुग्णांचे वजन घटण्यामागे कारणे अनेक असतात. श्वास घेण्याच्या मजुरीतच ऊर्जा संपणे हे त्यांपैकी एक.

पेट्रोलच्या इंजिनात ही अरुंद वाट मुद्दामच ठेवलेली असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण फारसे बदलून चालत नाही. त्यामुळे कमी ताकद हवी असेल तर नुसते पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही तेवढीच कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत एक गोल झडप बसवलेली असते, तिला थ्रॉटल म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरे तर हवेचे दार उघडतो. पेट्रोल त्या हवेच्या हिशेबाने मागून येते. पाय उचलला की दार जवळजवळ बंद होते. दट्ट्या मात्र खाली जायचा थांबत नाही. तो बंद दारातून हवा ओढत राहतो, तोंडावर हात ठेवून श्वास घ्यावा तसा.

किती खर्च होतो?

आपले नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. इथे बाहेरच्या हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. गाडी उभी असून इंजिन चालू असते तेव्हा थ्रॉटलच्या आतल्या बाजूला हा दाब ३० ते ३५ पर्यंत उतरतो. म्हणजे दट्ट्याला दर खेपेला सुमारे ६० किलोपास्कलच्या फरकाविरुद्ध ओढावे लागते. १.२ लिटरचे, मिनिटाला ८०० फेरे घेणारे इंजिन धरले, तर नुसत्या श्वासावर सुमारे ५०० वॅट खर्च होतात. घरातले सहा-सात पंखे चालतील एवढी ही ताकद. सक्कर चौकात किंवा दिल्ली गेटला थांबलेल्या प्रत्येक मोटारीत एवढी ताकद काहीही न हलवता खर्च होत असते. इंजिनाचे घर्षण आणि एसी यांचा खर्च वेगळाच.

आता चालती गाडी घ्या. एक टन वजनाची छोटी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर ती पुढे ढकलायला साधारण दोन किलोवॅट पुरतात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २००० फेऱ्यांवर असेल, तर पंपिंगवर सुमारे ११०० वॅट जातात. म्हणजे गाडी ढकलायला लागते त्याच्या निम्म्याहून जास्त. तीच गाडी त्याच वेगाने वरच्या गिअरमध्ये १४०० फेऱ्यांवर चालवली, तर हा खर्च ७०० वॅटच्या आसपास येतो. फेरे कमी झाले म्हणून श्वास कमी घ्यावे लागले. आणि प्रत्येक फेऱ्यात जास्त काम करायचे म्हणून थ्रॉटल थोडा जास्त उघडला, त्यामुळे प्रत्येक श्वासही सोपा झाला. हे आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक बदलतील. पण दिशा बदलणार नाही. ‘वरचा गिअर, कमी फेरे’ या जुन्या ड्रायव्हरांच्या सल्ल्यामागचे शास्त्र हेच. इंजिन धडधडू लागेपर्यंत मात्र ते ताणू नये.

यातून उलट वाटणारी एक गोष्ट निघते. इमामपूरचा घाट चढताना गाडी पेट्रोल जास्त खाते हे खरे, पण तेव्हा थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा असतो आणि पंपिंगचा तोटा अगदी थोडा. जळालेल्या प्रत्येक थेंबातून इंजिन तेव्हा जास्त काम काढते. त्याचे खरे हाल होतात ते गावात, एकट्या माणसाला घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी जाताना.

नगरच्या लूनाने शिकवलेले दोन धडे

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात तयार झाले. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये बाजारात आली आणि नगरच्या कारखान्यातून देशभर गेली. तिचे इंजिन जेमतेम ५० सीसीचे. शाळामास्तर, दूधवाला, मागे बसलेले माणूस आणि पुढे लटकवलेली पिशवी, असा सगळा भार ओढायचा म्हणजे मूठ बहुतेक वेळ पूर्ण पिळलेलीच. थ्रॉटल उघडा, इंजिनावर पुरेसा भार, पंपिंगचा तोटा कमी. लहान इंजिन आणि त्याला पुरेसे काम हा काटकसरीचा पहिला धडा. आज जगभर मोठ्या इंजिनाच्या जागी लहान टर्बो इंजिन बसवले जाते, त्यामागचा विचारही हाच आहे.

दुसरा धडा तिच्या धुरात होता. लूनाचे इंजिन टू-स्ट्रोक. त्या प्रकारात जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वेळ एकच असते. त्यामुळे आलेल्या पेट्रोलचा एक हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो, सोबत मिसळलेले ऑइलही. हा दोष एका कंपनीचा नव्हता, त्या काळातल्या सगळ्याच साध्या टू-स्ट्रोक इंजिनांचा होता. २००० सालानंतर उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी ती मागे पडली. मालकाच्या खिशाला परवडणारी गाडी मागून चालणाऱ्याच्या फुप्फुसाला परवडेलच असे नाही, हा तो दुसरा धडा. पुढे डिझेलने तो आणखी मोठ्या फळ्यावर लिहून दाखवला.

अभियंत्यांनी काय केले

पंपिंग लॉसवर गेली शंभर-सव्वाशे वर्षे उपाय शोधले जात आहेत. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये वेगळ्या रचनेचे इंजिन मांडले. त्यांचे नाव घेणारी आजची इंजिने आत घेतलेल्या हवेपैकी काही हवा झडप उशिरा बंद करून परत बाहेर सोडतात. त्यामुळे कमी ताकदीसाठी थ्रॉटल आवळावा लागत नाही. टोयोटाने १९९७ मध्ये आणलेल्या प्रियस या हायब्रिड मोटारीत ही युक्ती होती. आपल्याकडे २०२२ पासून मिळणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड मोटारींतही ती आहे. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये झडप किती उचलायची हेच बदलता येईल अशी यंत्रणा आणली आणि थ्रॉटलचे काम बरेचसे काढून घेतले. काही मोठ्या इंजिनांत भार कमी असताना निम्मे सिलिंडर झोपवले जातात, म्हणजे उरलेल्यांना पुरेसे काम मिळते. सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन हा सगळ्यांत सोपा उपाय. हिरोने २०१४ मध्ये तो मोटारसायकलवर आणला. विजेच्या गाडीत हवा ओढणेच नाही, त्यामुळे हा तोटाही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली विजेवरची लूना या दृष्टीने आपल्या आजीचे दोन्ही धडे गिरवून आली आहे.

आणखी एक उपाय आहे, तो आपल्या चर्चेसाठी सगळ्यांत महत्त्वाचा. जळून बाहेर पडलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडायचा. याला ईजीआर म्हणतात. हा वायू जळत नाही, फक्त जागा व्यापतो. पेट्रोलच्या इंजिनात त्यामुळे तेवढ्याच ऑक्सिजनसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि श्वास सोपा होतो. त्याशिवाय ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी तयार होतात. एका उपायात खिसा आणि फुप्फुस दोन्ही सांभाळले जातात.

डिझेलचे गणित वेगळे. तिथे ताकद कमी-जास्त करायला फक्त डिझेल कमी-जास्त करतात, हवा बिनधास्त आत येते. पंपिंगचा तोटा थोडा आणि हवा जास्त दाबली जाते, म्हणून डिझेल गाडीचे ॲव्हरेज चांगले. पण भरपूर हवा आणि जास्त तापमान यांतून नायट्रोजनची ऑक्साइड्सही जास्त निघतात. डिझेलमध्ये ईजीआर बसवतात तो मुख्यतः यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्यातले बारीक कण वेगळे आणि ही ऑक्साइड्स वेगळी. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना चुरचुरवतो, दमा चाळवतो, लहान मुलांच्या छातीचे आजार वाढवतो. उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो, तोही फुप्फुसाला घातक. आपल्या देशाची या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ४० वरून १० वर आणली.

‘ईजीआर बंद करून टाका’

आता गॅरेजमध्ये या. डिझेल गाडी थोडी जुनी झाली, की ईजीआरच्या झडपेत काजळी साचते. गाडी अडखळते, पिकअप जातो, दिवा लागतो. मालकाची तक्रार खरी असते. मेकॅनिक दोन मार्ग सांगतो. झडप काढून साफ करायची किंवा बदलायची, त्याला वेळ आणि पैसे लागतात. किंवा मध्ये एक पत्र्याची चकती घालून वाट कायमची बंद करायची, त्याला फारसा खर्च नाही. ‘इंजिन मोकळा श्वास घेईल, ॲव्हरेजही वाढेल,’ असे वर सांगितले जाते. ज्याची गाडी पोटासाठी नगर-मनमाड रस्त्यावर रोज धावते, त्याने दुसरा मार्ग निवडला तर नवल नाही.

पण डिझेलच्या इंजिनाचा श्वास मुळात कोंडलेलाच नव्हता, हे वर पाहिले. चकती घातल्यावर जे सुधारते ते बिघडलेल्या झडपेपासून सुटका झाल्यामुळे. साफ केलेल्या झडपेनेही ते सुधारले असते. पेट्रोलच्या इंजिनात तर वाट बंद केल्याने पंपिंगचा तोटा उलट वाढतो. आणि दोन्हीकडे नायट्रोजनची ऑक्साइड्स वाढतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, काळा धूर नाही, म्हणून गाडी ‘स्वच्छ’ वाटते.

इथे आपली व्यवस्था कमी पडते. नवे मॉडेल विकण्याआधी कंपनीला अधिकृत संस्थेकडून नमुना तपासणी करून घ्यावी लागते. अशा संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई, आपल्या नगरजवळ वाहननगरला आहे. या तपासणीत नायट्रोजनच्या ऑक्साइड्सची मोजणी बंधनकारक आहे. पण गाडी एकदा रस्त्यावर आली, की पुढे पीयूसी. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट आहे हे पाहतात. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन. नायट्रोजनची ऑक्साइड्स दोन्हीकडे मोजली जात नाहीत. ईजीआर बंद केलेली डिझेल गाडी पीयूसीत सहज पास होते. कदाचित चांगल्या आकड्यांनी पास होते, कारण ईजीआर बंद केल्यावर काजळी थोडी कमी होऊ शकते. आपण ज्या प्रमाणपत्रावर विसंबतो ते नेमक्या याच बिघाडापुढे आंधळे आहे.

न मोजलेल्या गोष्टीचे काय होते, हे जगाने सप्टेंबर २०१५ मध्ये पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी तपासणीच्या वेळी नियमांत बसत होत्या आणि रस्त्यावर अमेरिकेच्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइड्स सोडत होत्या, असे तिथल्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले. तिथे गाडीच्या संगणकातला प्रोग्राम हे काम करत होता. आपल्याकडे पत्र्याची चकती करते. तिथे कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले; इथे कोणी विचारतही नाही. कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळे ठरतील असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. त्याचा वापर मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर होताना दिसतो, कारण तो ऐकू येतो.

एअर फिल्टर आणि उतारावरचा न्यूट्रल

आणखी दोन समजुती याच विषयातल्या आहेत. पहिली, एअर फिल्टर काढला की ॲव्हरेज वाढते. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवले, की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडत नाही, पिकअप मात्र कमी होतो. कारण आता आपल्याला कळेल. कमी भारावर थ्रॉटलच मोठा अडथळा असतो, त्याच्या आधीचा लहान अडथळा काढून काय उपयोग? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर स्वच्छ असण्याने फरक पडतो, तेव्हा तो वेळेवर बदलावा. काढून टाकला, तर आपल्याकडची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन झिजून धूर ओकू लागते.

दुसरी समजूत जिवावर बेतणारी आहे. करंजी घाट उतरताना पेट्रोल वाचवायचे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे, क्वचित इंजिनच बंद करणारे लोक आहेत. पंपिंगचा तोटा एरवी नकोसा असला तरी उतारावर तोच आपला ब्रेक असतो. गिअरमध्ये राहून पाय उचलला, की बंद थ्रॉटलमधून हवा ओढणारे इंजिन गाडीला मागे खेचते, आणि आजच्या इंजेक्शनच्या गाडीत त्या वेळी पेट्रोलचा पुरवठाही थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते. इंजिन बंद केले तर मोटारीच्या ब्रेकला मदत करणारी यंत्रणाही दोन-तीन दाबांत संपते, आणि पुढचा हिशेब आमच्या अपघात विभागात होतो.

काय करता येईल

आपल्या हातातले सोपे आहे. दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करा. इंजेक्शनची गाडी पुन्हा सुरू करायला त्याहून कमी इंधन लागते. रुग्णालयाच्या आणि शाळेच्या फाटकात तर नक्कीच, कारण तिथल्या खिडक्यांमागे सगळ्यांत नाजूक फुप्फुसे असतात. सपाट रस्त्यावर वेळेवर वरचा गिअर टाका. गाडी घेताना ताकदीच्या आकड्यापेक्षा आपले रोजचे काम पाहा. सावेडीहून माळीवाड्याला एकट्याने जायला मोठे इंजिन म्हणजे रोजचा पंपिंगचा दंड. ईजीआर अडला तर साफ करून घ्या, आणि चकती घालू नको असे मेकॅनिकला स्पष्ट सांगा.

सरकारच्या हातातलेही अवघड नाही. वाहनांच्या फिटनेस तपासणीत ईजीआर जागेवर आहे आणि चालतो आहे का, हे पाहणे सुरू करता येईल. नव्या गाड्यांच्या संगणकात याची नोंद असते, ती वाचायला मिनिटभर पुरते. पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजायला महागडी यंत्रे लागतील, वेळ लागेल, हे मान्य. तोवर निदान व्यावसायिक डिझेल वाहनांपासून सुरुवात करावी. आणि मेकॅनिकला दोषी धरण्याआधी त्याला शिकवावे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात ईजीआर कसा साफ करायचा याबरोबर तो कशासाठी असतो हेही सांगितले, तर चकत्या कमी विकल्या जातील.

गाडीवाल्याचे वाचलेले पैसे त्याला महिन्याच्या शेवटी दिसतात. हवेत गेलेल्या वायूची किंमत दुसराच कोणी मोजतो, रस्त्याकडेच्या टपरीत दिवसभर बसणारा माणूस, चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, नेब्युलायझरचा मास्क तोंडाला लावलेले पाच वर्षांचे पोर. ॲव्हरेजचा हिशेब करताना त्यांचाही खर्च धरला पाहिजे.